हिमालय आणि ओळंबा: गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीचा भारतातील इतिहास

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडलेल्या नियमानुसार गुरुत्वाकर्षणाचे बल दोनच गोष्टींवर अवलंबून असते: परस्परांना ओढणाऱ्या पदार्थांची वस्तुमाने आणि त्यांच्यामधील अंतर. दोहोंपैकी कोणतेही वस्तुमान दुप्पट केले तर बल दुप्पट होते. अंतर दुप्पट केले तर बल एकचतुर्थांश उरते आणि तिप्पट केले तर एकनवमांश, म्हणजेच बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. आकाशातील ग्रह एकमेकांपासून इतके दूर असतात की त्यांना बिंदुमात्र मानून हा नियम लावता येतो आणि तो अचूक उतरतो. जमिनीवर मात्र प्रश्न अवघड होतो, कारण डोंगरासारख्या पसरलेल्या पदार्थाचा प्रत्येक कण वेगवेगळ्या अंतरावरून आणि वेगवेगळ्या दिशेने ओढत असतो, आणि त्या डोंगराखाली काय दडले आहे हे पाहणाऱ्याला दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात भारताच्या भूमापनात ही अडचण एका छोट्याशा फरकाच्या रूपाने समोर आली, आणि तो फरक दडपला न गेल्यामुळे पृथ्वीच्या अंतरंगाविषयीची एक मूलभूत कल्पना जन्माला आली.

या इतिहासाच्या केंद्रस्थानी असलेले साधन म्हणजे ओळंबा. दोरीला टांगलेले वजन सपाट प्रदेशात पृथ्वीच्या ओढीच्या दिशेने सरळ खाली लोंबते. पण शेजारी मोठा पर्वत असेल तर तो त्या वजनाला आपल्याकडे आडवे ओढतो आणि दोरी किंचित कलते. हा कल किती असेल, हे पर्वताची आडवी ओढ आणि पृथ्वीची उभी ओढ यांच्या गुणोत्तरावर ठरते. तीन मैल उंचीचा आणि सहा मैल रुंदीचा अर्धगोलाकार पर्वतसुद्धा ओळंब्याला दोन कलांइतकाही हलवू शकणार नाही, असा हिशेब स्वतः न्यूटन यांनी केला होता. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि एका कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. एक मीटर लांबीची दोरी एका विकलेने कलली तर तिचे खालचे टोक मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकेच सरकते. अशा सूक्ष्म कलाचे मोजमाप केवळ ताऱ्यांच्या आधारे शक्य होते, कारण वेधयंत्र ओळंब्याच्या किंवा पाणसळीच्या आधाराने उभे केले जाते; ओळंबा कलला की डोक्यावरचा आकाशबिंदू, म्हणजे खस्वस्तिक, तेवढाच चुकीच्या ठिकाणी धरला जातो आणि ताऱ्यांवरून काढलेला अक्षांशही तितकाच चुकतो.

पर्वताची ओढ प्रत्यक्ष मोजण्याचा पहिला प्रयत्न फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी १७३८ साली दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर केला. तेथे ओळंबा कलला खरा, परंतु पर्वताच्या आकारमानावरून जेवढी अपेक्षा होती तिच्या मानाने फारच थोडा, सुमारे आठ विकला. त्यानंतर इंग्लंडचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन यांनी १७७४ साली स्कॉटलंडमधील शिहॅलिअन या सुट्या, रेखीव डोंगराच्या दोन्ही बाजूंना वेध घेतले. दोन बाजूंच्या कलण्याची बेरीज ११.६ विकला भरली आणि तिच्यावरून चार्ल्स हटन यांनी पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेचार पट असल्याचे अनुमान काढले. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली प्रयोगशाळेतच शिशाच्या गोळ्यांची परस्पर ओढ मोजून हाच आकडा ५.४८ असा मिळवला, जो आजच्या ५.५१ या मूल्याच्या अगदी निकट आहे. शतकाच्या अखेरीस, पर्वताचे आकारमान आणि त्याच्या खडकाची घनता ठाऊक असेल तर त्याची ओढ गणिताने काढता येते, अशी खात्री युरोपात निर्माण झाली होती. या खात्रीला पहिला मोठा धक्का हिमालयाने दिला.

विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळील सेंट थॉमस माउंटपाशी एका आधाररेषेची साखळीने मोजणी सुरू केली आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ झाला. या पद्धतीत जमिनीवरील एकच रेषा अतिशय काळजीपूर्वक मोजली जाते; पुढे तिच्या टोकांपासून दूरच्या टेकड्यांवरील खुणांचे कोन थिओडोलाइटने मोजून त्रिकोणांमागून त्रिकोण गणिताने सोडवत शेकडो मैलांची अंतरे मिळवली जातात. लॅम्बटन यांचा हेतू केवळ नकाशा काढण्याचा नव्हता. दक्षिणोत्तर रेषेवरील दोन ठिकाणांमधले अंतर त्रिकोणांवरून काढायचे, त्याच ठिकाणांच्या अक्षांशांमधला फरक ताऱ्यांवरून काढायचा, आणि दोहोंची सांगड घालून पृथ्वीचा नेमका आकार ठरवायचा, ही त्यांच्या कामाची खरी प्रेरणा होती. १८१८ साली या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट त्यात साहाय्यक म्हणून रुजू झाले. कन्याकुमारीच्या परिसरापासून वऱ्हाडापर्यंत पोहोचलेली ही साखळी पुढे नेत असताना, हैदराबादहून नागपूरकडे जाण्याच्या प्रवासात, २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची कबर आजही तेथे आहे.

ओळंब्याचा प्रश्न वऱ्हाडातच अधिक स्पष्टपणे पुढे आला. टाकळखेडा येथे ताऱ्यांचे वेध घेतले गेले, आणि त्या ठिकाणाच्या उत्तरेला सातपुड्याच्या डोंगराळ पठाराची मोठी रांग होती. त्या रांगेमुळे तेथील ओळंबा उत्तरेकडे काही विकला ओढला गेला असावा आणि म्हणून टाकळखेड्याचा अक्षांश विश्वासार्ह नाही, असे मत एव्हरेस्ट यांनी मांडले. कामाचा पुढील टप्पा आखताना हा धडा त्यांनी ध्यानात ठेवला. सर्वेक्षण थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, मसुरीजवळच्या बनोगपर्यंत गेले असले तरी या दक्षिणोत्तर साखळीच्या, म्हणजे चापाच्या, उत्तर टोकाचे खगोलीय वेध त्यांनी पर्वतापासून सुमारे १०० किलोमीटर दक्षिणेला, मुझफ्फरनगरजवळच्या कलियाना या ठिकाणी घेण्याचे ठरवले. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ घटते हा नियम गृहीत धरून केलेली ही निवड होती: पर्वतापासून पुरेसे दूर गेले की त्याची ओढ नगण्य होईल, असा तो विचार होता.

कलियानाच्या दक्षिणेला सुमारे ६०० किलोमीटरवर, मध्य भारतातील सिरोंजजवळ, कल्याणपूर हे दुसरे ठिकाण होते. तेथून पुढे बिदरजवळच्या दामरगिड्यापर्यंत चापाचा आणखी एक भाग जात होता. लॅम्बटन यांच्या काळातील साधने एव्हरेस्ट यांना पुरेशी वाटली नाहीत, म्हणून १८३० नंतर त्यांनी आधाररेषा नव्या धातूच्या दांड्यांनी मोजल्या, नवे थिओडोलाइट आणि नवी खगोलीय यंत्रे आणवली, आणि त्यांची दुरुस्ती व सुधारणा करण्याचे काम अर्काटचे कुशल यंत्रकारागीर सय्यद मीर मोहसिन हुसेन यांच्याकडे सोपवले. कोनांच्या प्रचंड आकडेमोडीसाठी जे गणकमंडळ उभे राहिले त्यात १८३१ साली अवघ्या एकोणिसाव्या वर्षी दाखल झालेले राधानाथ सिकदार यांचे स्थान अग्रभागी होते. १८३९–४० च्या हिवाळ्यात कलियाना येथे एव्हरेस्ट आणि कल्याणपूर येथे त्यांचे सहकारी अँड्रू वॉ यांनी एकाच काळात तेच तारे याम्योत्तर वृत्तावरून, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवरून, जाताना पाहिले. दोन्ही टोकांना तेच तारे असल्यामुळे ताऱ्यांच्या स्थानातील अनिश्चितता वजाबाकीत निघून जात होती, आणि जो फरक उरेल तो केवळ दोन ठिकाणांच्या अक्षांशांमधला असणार होता.

त्रिकोणांच्या साखळीवरून हा फरक ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला आला, तर ताऱ्यांवरून तो ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला आला. दोहोंत ५.२३६ विकलांची तफावत होती, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. सहाशे किलोमीटरमध्ये १६० मीटर ही चूक व्यवहाराच्या दृष्टीने किरकोळ वाटेल, परंतु एव्हरेस्ट यांच्या पद्धतीत एवढ्या चुकीला जागा नव्हती. त्यांनी ती मोजणीतील साचत गेलेली त्रुटी मानली आणि साखळीभर वाटून टाकली. तरीही १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तांतात दोन्ही आकडे त्यांनी जसेच्या तसे छापले. ही निष्ठा या इतिहासातील निर्णायक गोष्ट ठरली, कारण त्या छापील आकड्यांवरूनच पुढचे सर्व विचारमंथन झाले.

तफावतीची दिशा लक्षात घेण्याजोगी होती. हिमालयाने कलियानाचा ओळंबा उत्तरेकडे ओढला तर तेथील खस्वस्तिक दक्षिणेकडे सरकलेले भासेल, अक्षांश खऱ्यापेक्षा कमी येईल आणि ताऱ्यांवरून काढलेला फरक त्रिकोणांवरून काढलेल्या फरकापेक्षा लहान निघेल; प्रत्यक्षात तसेच झाले होते. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधील एक वरिष्ठ धर्माधिकारी, आणि केंब्रिजमध्ये शिकलेले गणितज्ञ जॉन हेन्री प्रॅट यांनी हिमालयाची ही ओढ गणिताने काढण्याचे काम हाती घेतले. त्यांची पद्धत वस्तुमान आणि अंतर यांचे नाते समजून घेण्यासाठी पाहण्यासारखी आहे. एका ठिकाणाभोवतीचा सारा प्रदेश त्यांनी किरणांसारख्या रेषांनी आणि समकेंद्री वर्तुळांनी कप्प्यांत विभागला, पण वर्तुळांमधील अंतर समान ठेवले नाही. जवळचे कप्पे लहान आणि दूरचे उत्तरोत्तर मोठे केले, आणि ते अशा प्रमाणात की समान उंचीच्या जमिनीचा कोणताही कप्पा, जवळचा असो वा दूरचा, ओळंब्यावर सारखीच ओढ लावील. अंतरामुळे होणारी घट अशा रीतीने कप्प्याच्या आकारातच सामावली गेली आणि प्रॅट यांच्यापुढे केवळ प्रत्येक कप्प्याची सरासरी उंची शोधण्याचे काम उरले.

या मांडणीतून जे दिसले ते एव्हरेस्ट यांच्या अपेक्षेला छेद देणारे होते. पर्वतापासून १०० किलोमीटर मागे सरले म्हणून जवळच्या रांगांची ओढ घटते, पण तिबेटचे पठार उत्तरेकडे शेकडो किलोमीटर पसरलेले असल्यामुळे अंतराने होणारी घट वस्तुमानाच्या विस्ताराने बरीचशी भरून निघते. एकट्या डोंगराबाबत दूर जाण्याचा उपाय लागू पडतो. खंडाएवढ्या उंचवट्याबाबत तो अपुरा ठरतो. प्रॅट यांच्या हिशेबानुसार कलियानाचा ओळंबा २७.८५३ विकलांनी आणि इतक्या दूरच्या कल्याणपूरचाही ११.९६८ विकलांनी कलायला हवा होता. म्हणून दोन ठिकाणांमधील तफावत १५.८८५ विकला यायला हवी होती. प्रत्यक्ष मोजणीत मात्र तिच्या एकतृतीयांशच आढळली होती. हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला, आणि जी तफावत आधी फार मोठी वाटत होती तीच आता फार लहान ठरली. नियम बरोबर होता, भूमापन बरोबर होते आणि आकडेमोडही बरोबर होती. तरीही एवढा प्रचंड हिमालय आपल्या आकारमानाच्या मानाने फारच कमी ओढत होता.

उत्तर त्याच वर्षी, अवघ्या काही आठवड्यांत, इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांच्याकडून आले. त्यांच्या मते आश्चर्य वाटण्याचे कारणच नव्हते, कारण एवढा जड उंचवटा पृथ्वीचे पातळ कवच केवळ आपल्या ताकदीवर तोलून धरू शकणार नाही. कवचाखालचा पदार्थ कवचापेक्षा अधिक घन आणि काहीसा प्रवाही असला पाहिजे, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो ओंडका पाण्यावर अधिक उंच दिसतो तो पाण्याखालीही अधिक खोल असतो, त्याप्रमाणे उंच पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ त्या घन पदार्थात रुतलेले असले पाहिजे. या मुळामुळे पर्वताखाली वस्तुमानाची तूट निर्माण होते, आणि वरच्या उंचवट्याची वाढीव ओढ या तुटीमुळे जवळजवळ निष्प्रभ होते. यापुढचा एअरी यांचा युक्तिवाद अंतरावर आधारलेला होता आणि तो फार मर्मग्राही आहे. दूरच्या ठिकाणाहून पाहता पर्वत आणि त्याखालचे मूळ जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात, म्हणून एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट एकमेकांना पुसून टाकतात; अगदी पायथ्याशी मात्र पर्वत जवळ आणि मूळ खोल, म्हणजे दूर असते, त्यामुळे तेथे पर्वताची ओढ वरचढ ठरते. बुगेर यांना चिंबोराझोवर अपेक्षेपेक्षा कमी ओढ का मिळाली, याचेही कारण आता दिसू लागले.

प्रॅट यांना हे स्पष्टीकरण मान्य नव्हते. १८५९ साली त्यांनी पर्यायी कल्पना मांडली: पर्वताखालील स्तंभातला खडक मुळातच कमी घनतेचा असेल आणि समुद्राखालील अधिक घनतेचा असेल, तर एका विशिष्ट खोलीवर सर्व स्तंभांचा भार समान होईल. भारताच्या दक्षिणेला पसरलेल्या महासागराचा ओळंब्यावरील परिणामही त्यांनी तपासला, कारण पाणी खडकापेक्षा हलके असल्यामुळे समुद्राकडची ओढ कमी पडते आणि ओळंबा जमिनीकडे, म्हणजे उत्तरेकडे, कलायला हवा. एअरी यांच्या कल्पनेत खडकाची घनता सारखी आणि खोली निरनिराळी, तर प्रॅट यांच्या कल्पनेत तळ सारखा आणि घनता निरनिराळी होती. पण दोहोंचे सार एकच होते, की पृथ्वीचे कवच आपल्या भाराचा समतोल साधून राहते. अमेरिकन भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी पुढे या समतोलाला जे नाव दिले त्याला मराठीत समस्थायित्व म्हणतात. तिबेटखालील कवचाची जाडी आज भूकंपलहरींवरून सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे सामान्य खंडीय कवचाच्या जवळजवळ दुप्पट, ठरवण्यात आली आहे. हिमालयाच्या बाबतीत एअरी यांचे खोल मूळ अशा प्रकारे सिद्ध झाले.

ओळंबा आडवी ओढ दाखवतो. उभी ओढ मोजण्यासाठी लंबकाची गरज असते, कारण गुरुत्वाकर्षण कमी झाले की लंबक सावकाश हलतो. १८६५ पासून कॅप्टन जेम्स बसेव्ही यांनी रॉयल सोसायटीकडून आलेले लंबक घेऊन कन्याकुमारीच्या परिसरापासून मसुरीपर्यंत त्याच चापावरील अनेक ठिकाणी निरीक्षणे केली. दिवसाकाठी सुमारे ८६ हजार आंदोलने करणारा लंबक हवा काढून घेतलेल्या पात्रात झुलत ठेवायचा, घड्याळाच्या लंबकाशी त्याचा मेळ केव्हा केव्हा बसतो ते दुर्बिणीतून टिपायचे, आणि तापमानाची प्रत्येक चढउतार नोंदवायची, असे हे अतिशय चिकाटीचे काम होते. लडाखमधील मोरे येथे, सुमारे ४,७०० मीटर उंचीवर, पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर वाढल्यामुळेच लंबक दिवसाला सुमारे ६४ आंदोलनांनी मागे पडायला हवा. पायाखालच्या पठाराच्या वस्तुमानाने त्यातील एकतृतीयांशाहून थोडी अधिक घट भरून निघायला हवी होती. ही भरपाई बहुतांशी दिसलीच नाही, जणू त्या उंचीवर लंबक पठाराशिवाय हवेतच टांगलेला होता. जुलै १८७१ मध्ये त्याच उंच प्रदेशात थंडी आणि श्रमाने खचून बसेव्ही यांचा मृत्यू झाला. उरलेले काम कॅप्टन हेव्हिसाइड यांनी पूर्ण केले; त्या ठिकाणांच्या यादीत मुंबईचे कुलाबाही आहे. किनारे आणि मिनिकॉयसारखी बेटे यांवर गुरुत्वाकर्षण अंतर्भागाच्या मानाने अधिक आढळले, आणि समुद्राखालचा खडक अधिक घन असल्याच्या तर्काला त्यातून बळ मिळाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी भूमापक सिडनी बरार्ड यांनी देशभरच्या ओळंब्याच्या निरीक्षणांचा एकत्रित विचार केला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. गंगेच्या मैदानात अनेक ठिकाणी ओळंबा हिमालयाऐवजी दक्षिणेकडे कललेला आढळला. मध्य भारताच्या पोटात पूर्व-पश्चिम पसरलेला अधिक घन खडकाचा पट्टा असला पाहिजे, असा निष्कर्ष बरार्ड यांनी काढला आणि त्याला दडलेल्या पर्वतरांगेची उपमा दिली. पर्वत आणि समुद्र दोहोंपासून दूर म्हणून ज्या कल्याणपूरला साऱ्या भारतीय त्रिकोणमापनाचे मूळ ठिकाण मानले गेले होते, तेही या न दिसणाऱ्या ओढीपासून मुक्त नव्हते. डोळ्यांना दिसणाऱ्या उंचवट्यावरून वस्तुमानाचा अंदाज करणे कसे फसवे असते, याचा हा दुसरा पुरावा होता.

एकविसाव्या शतकात ही परंपरा अवकाशात पोहोचली. २००२ साली सोडलेले ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह एकामागे एक सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून पृथ्वीभोवती फिरत होते. अधिक वस्तुमानाच्या प्रदेशाकडे जाताना पुढचा उपग्रह आधी ओढला जाई, दोहोंमधील अंतर किंचित बदले, आणि तो बदल मायक्रोमीटरमध्ये मोजला जाई. या मोजणीवरून २००९ साली असे दाखवण्यात आले की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या राज्यांतून २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घनकिलोमीटर, म्हणजे सुमारे १०९ अब्ज टन, भूजल कमी झाले. खडकाच्या जागी येथे पाण्याचे वस्तुमान होते आणि पर्वताच्या मुळाऐवजी माणसाने उपसलेल्या विहिरी होत्या, परंतु तर्क तोच होता: ओढ बदलली असेल तर कोठेतरी वस्तुमान बदलले असले पाहिजे. न्यूटन यांचे सूत्र वस्तुमानावरून बल सांगते, तर भारतातील भूमापकांनी आणि गणकांनी बलावरून वस्तुमानाकडे जाण्याचा उलटा मार्ग खुला केला. तो खुला झाला याचे श्रेय लॅम्बटन, एव्हरेस्ट, सिकदार, मोहसिन हुसेन, प्रॅट आणि बसेव्ही यांच्या त्या शिस्तीला जाते, जिने पाच विकलांचा फरकही नोंदवून ठेवण्याजोगा मानला. भूजलासारख्या जीवनावश्यक संपत्तीचा हिशेब आज त्याच मार्गाने मांडला जात असल्यामुळे या इतिहासाचे महत्त्व विज्ञानाच्या अभ्यासकांपुरते मर्यादित राहत नाही.